आत्याचं भय

वडगावात करंट जातो तेव्हा
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प होतात
आणि माणसं कट्ट्यावर येऊन
लाईनमनला शिव्या घालतात.
रिबका आत्या तेवढी जागची हलत नाही.
थांबलेल्या धोट्यावर हात ठेवून म्हणते,
"बरं झालं. आता जरा त्याचं ऐकू येईल."

तिच्या घरात तसबीर नाही, मेणबत्ती नाही.
दारावर एक क्रूस आहे,
सुतारानं उरलेल्या पट्टीचा करून दिलेला,
डावा हात जरासा आखूड.
पण पवित्र शास्त्रावर
चष्मासुद्धा ठेवायचा नाही.
भाकरीचा तुकडा खाली पडला
तर फुंकून खायचा, झाडूनं लोटायचा नाही.
आणि देवाशपथ तर म्हणायचंच नाही:
"तो काय तलाठ्याचा शिपाई लागून गेलाय,
हाक मारली की साक्षीला यायला?"

ती मोजते कानडीत.
ओंदु, एरडु, मूरु...
कांड्या, पैसे, आमटीची डाळ, आमची वयं.
प्रार्थना तेवढी मराठीत.
लहानपणी मी विचारलं होतं,
देवाला कानडी येत नाही काय गं?
"येतं की.
पण त्याच्यापुढं मला मोजायचं नसतं."

पाळकबाबा उपदेशात
परमेश्वराचं भय म्हणायचे
तेव्हा मी खरंच भ्यायचो.
भय म्हणजे मला ठाऊक होतं ते
परड्यातल्या विहिरीचं,
मोर्चाच्या दिवशी
धडाधड खाली येणाऱ्या शटरांचं.
आत्याचं तसलं नव्हतं.
तान्हं निजलेल्या खोलीतून
पातेलं न्यायचं असलं
की पाय जसे आपोआप हलके पडतात,
तसलं काहीतरी.

एकदा साडीच्या नेसत्या टोकाला
तेलाचा डाग पडला.
पेराएवढा.
निऱ्या खोचल्यावर कुणाच्या बापाला दिसला नसता.
घडी झाली होती, सुतळी बांधली होती.
चन्नबसप्पा शेटजींच्या गादीवर
आत्यानं सुतळी सोडली
आणि डाग वर येईल अशी घडी फिरवून ठेवली.
शेटजींनी चष्मा नाकावर सरकवला.
साठ रुपये कापले.
"इरली बिडु," म्हणाले,
आणि पुढची साडी ओढली.
एवढंच झालं.
आभाळ फाटलं नाही, कुणी पाठ थोपटली नाही.
येताना तिनं वांगी घेतली नाहीत.

मी आता उद्यमबागेत असतो, रात्रपाळीला.
ओतकामात कधी हवेचं बारीक भोक राहतं.
लांबी भरली, वर रंग मारला
की तपासणाराही फसतो.
तपासणारा मीच आहे.
गेल्या महिन्यात एक भोक मी बुजवू दिलं.
शिक्का मारला. ट्रक गेला.

रविवारी देवळाच्या पायरीशी
एक चप्पल काढली
आणि दुसरी पायातच राहिली बराच वेळ.
आत पहिलं गीत संपलं होतं.
आत्या बाकावर जराशी सरकली.
"जेवलास काय रे रात्री?" एवढंच विचारलं.
मग दानाची नाणी रुमालातून सोडून
मोजू लागली, ओंदु, एरडु...
आणि मधेच थांबली.
मूठ मिटून घेतली.
थैली आली तेव्हा मूठ तशीच आत गेली,
मोकळी होऊन बाहेर आली.

काल पाळीत करंट गेला.
पंखे थांबले, पट्टे थांबले,
भट्टीची धग तेवढी उरली अंधारात.
मोबाईलच्या उजेडात
मी त्या कास्टिंगचा नंबर
चहाच्या चिठ्ठीमागं लिहून घेतला.
अजून कुणाला दिलेला नाही.
फोरमनची केबिन वर आहे,
लोखंडी जिना, सतरा पायऱ्या,
एरवी बुटांनी दणदणतो.
मी निम्म्यावर आलोय.
पाय वाजत नाहीत.